फोटोला हार

आमच्या फ्लेक्सच्या धंद्यात माणसं दोनच प्रकारची असतात. एक वाढदिवसाची, दुसरी श्रद्धांजलीची. फोटो बहुतेक वेळा एकच असतो, कुणाच्या तरी लग्नात काढलेला. वाढदिवस असला की मी त्याला गॉगल लावतो, मागं सिंह उभा करतो, खाली शुभेच्छुकांची रांग लावतो. माणूस गेला की गॉगल निघतो, सिंह जातो, अंडाकृती चौकट येते आणि चौकटीवर झेंडूचा हार पडतो. फरक एवढाच. सोलापुरातल्या कुठल्याही चौकात लांबून बघा, नाव वाचायची गरज पडत नाही. फोटोला हार दिसला की रिक्षावाला वेग कमी करून विचारतो, "कोन गेलं ओ?"

म्हणून मुंबईहून आलेली फाइल मी दुकानात उघडली आणि माझ्या सख्ख्या बहिणीच्या फोटोला हार घातलेला दिसला, तेव्हा माझं डोकं फिरलं. संघप्रिया धडधाकट होती. पुण्यात तालमीला होती आणि त्याच सकाळी "दादा, घसा जरा बसलाय, आईला सांगू नको" असा तिचा मेसेज आला होता.

ती पुण्यात का होती ते सांगतो. आशियातल्या देशांची एक गाण्याची स्पर्धा असते. प्रत्येक देशाचा एक गायक, आणि दरवर्षी यजमान देश वेगळा. यंदा यजमानपद भारताकडे आलं होतं, स्पर्धा पुण्यात होती आणि भारताकडून गाणार होती आमची संघप्रिया, सोलापूर, बुधवार पेठ. पहिल्या रांगेत प्रत्येक गायकाच्या घरच्यांसाठी खुर्च्या राखलेल्या. निवड झाली त्या दिवशी तिनं मला एकच काम सांगितलं होतं. "दादा, बाकी कोणी नाही आलं तरी चालेल. तेवढी आईला आण."

हे काम दिसतं तेवढं सोपं नव्हतं. आमचे वडील, ईश्वर, चिंचोळी एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात कामाला होते आणि सुट्टीच्या दिवशी गायन पार्टीत. माढा, करमाळा, कुठं कुठं भीमजयंतीचे कार्यक्रम करून यायचे. दोन वर्षांपूर्वी ते गेले आणि आईनं गाणं बंद केलं. म्हणजे ऐकणं. शेजारी रेडिओ लागला तर खिडकी लावून घ्यायची. संघप्रिया घरी रियाज करायला लागली की पिशवी उचलून बाजारात निघून जायची. पुण्याला येतेस का, असं विचारलं की एकच उत्तर, "बगू की." आमच्या आईच्या "बगू की"चा अर्थ मला अजून लागलेला नाही. त्यात होकारही असतो, नकारही असतो, आणि विषय बंद करा अशी ताकीदही असते.

अशा बाईनं भर चौकात स्वतःच्या पोरीचा हार घातलेला फोटो बघितला असता तर? घरात एक तसा फोटो आहेच. वडिलांचा. दुसरा बघून ती पुण्याला यायची सोडाच, अंथरूण धरायची.

आता ही फाइल माझ्याकडे कशी आली ते ऐका, कारण त्यात माझाही हात होता. स्पर्धेची सगळी सजावट, म्हणजे बोधचिन्ह, रंगमंच, पडदे, तिकिटं, गळ्यातली ओळखपत्रं, हे काम मुंबईच्या एका कंपनीकडे होतं आणि तिथली मुख्य बाई रेश्मा. तिशीची, आजोबा माढ्याचे, बाकी सगळं मुंबईचं. ती संघप्रियाच्या गावाचं चित्रीकरण करायला सोलापुरात आली होती. स्पर्धेच्या मुख्य कार्यालयाचा नियम असा की यजमान देशाची संस्कृती पहिल्या नजरेत दिसली पाहिजे. मागं एका देशानं गालिच्याची नक्षी घेतली होती, एकानं मासेमारीच्या होड्या. आपल्याकडून हत्ती, मोर, कमळ, रांगोळी, सगळं पाठवून झालं होतं आणि तिकडच्यांनी "हे आम्ही आधी पाहिलंय" म्हणून परत केलं होतं. रेश्मा वैतागली होती. अशात चौकात तिला आमच्या वॉर्डातल्या एका भावी नगरसेवकाचा फ्लेक्स दिसला आणि ती गाडीतून उतरली.

तासाभरानं ती माझ्या दुकानात बसली होती.

"हे सगळे परीक्षक आहेत का?" तिनं खालच्या रांगेकडे बोट दाखवून विचारलं.

"न्हाई. शुभेच्छुक."

"म्हणजे ते काय करतात?"

"शुभेच्छा देतात."

"आणि हा वरचा सगळ्यात मोठा फोटो? वाढदिवस यांचा आहे?"

"वाढदिवस खालच्याचा. वरचे साहेब."

"मग ते मोठे का?"

"ते कायमच मोठे असतात, मॅडम."

तिनं हे सगळं लिहून घेतलं. पिवळ्यातून लालात जाणारा रंग, अक्षरांना चांदीची कडा, चेहऱ्यामागचा उजेड, सगळ्याचे फोटो काढले. म्हणाली, हीच आपली आजची संस्कृती, दादा, हे कोणाला सुचलंच नव्हतं. महानगरपालिका ज्याला अनधिकृत म्हणून ट्रकात कोंबून नेते, आई ज्याला "त्ये तुजं रंगीत पटकूर" म्हणते, ती संस्कृती निघाली. बाई माझं कौतुक करत होती की खिल्ली उडवत होती, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आत्ताही कळत नाही. पण मला सल्लागार नेमलं. मी दुकानाच्या पाटीवर तसं लिहूनही टाकलं.

सल्लागाराला विचारलं मात्र कोणी नाही. थेट तयार फाइल आली. भलामोठा फ्लेक्स, आमच्याच पद्धतीचा, पिवळा-लाल. साहेबांच्या जागी बोधचिन्ह, खाली आशियाभरचे एकवीस गायक, आणि एकवीसच्या एकवीस फोटोंना ठसठशीत झेंडूचे हार. पहिल्यांदा मला वाटलं की एखादं विमान पडलं.

मी रेश्माला फोन लावला. "मॅडम, यातलं कोन गेलंय का?"

"कुठे गेलंय?"

"वारलंय का, विचारतोय."

तिला हसू आलं. मला आलं नाही. मी सांगितलं, गळ्यात हार घातला तर मान, फोटोला घातला तर माणूस गेला. साधी गोष्ट आहे, शेंबड्या पोरालाही कळते.

"पण दादा, तुमच्याच दुकानात बाबासाहेबांच्या फोटोला हार आहे. बुद्धांच्या फोटोला आहे. मी व्हिडिओ घेतलाय ना. तो तर मान म्हणूनच आहे."

"ते येगळं."

"वेगळं कसं?"

वेगळं होतं, हे मला पक्कं माहीत होतं. कसं, ते सांगता येईना. मोठ्या माणसाला आपण गेलेला समजतच नाही म्हणून वेगळं? का गेल्यावरच तो मोठा होतो म्हणून? मग गेलेल्या साध्या माणसाला हार कशासाठी, तो तेवढ्यापुरता मोठा होतो म्हणून? एवढी वर्षं मी हार टाकतोय आणि हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. रेश्मानं तेवढ्यात सांगून टाकलं की मुख्य कार्यालयाला हार फार आवडलेत, एकवीस देशांत हेच चित्र गेलंय, आता बदल होणार नाही. सोलापूरचा फ्लेक्स तेवढा तुम्ही छापा.

फ्लेक्स चढवायचं काम माझ्याकडे सिद्धलिंग करतो. अक्कलकोटच्या बाजूचा, घरात कन्नड, शिडीवर मराठी. त्याला मी विचारलं, तुमच्यात काय मानतात.

"जिवंत मानसाच्या मरणाची खोटी बातमी आली तर आयुष्य वाढतंय म्हनत्यात री," तो म्हणाला. "एकवीस जणांचं वाढंल की. काय वाईट हाय त्यात?"

"आणि आईनं बघितलं तर?"

"मग तुमचं कमी हुतंय."

दिवसभर मी ती फाइल उघडत आणि बंद करत बसलो. शेवटी एक गोष्ट केली. एकवीसपैकी एकाच फोटोचा हार काढला. संघप्रियाचा. जागा मोकळी दिसू नये म्हणून मागं जरा जास्त उजेड सोडला. मला वाटलं, काम फत्ते. एवढ्या गर्दीत एक हार कोण मोजतंय?

सगळ्यांनी मोजला.

फ्लेक्स चौकात लागला आणि दुपारपर्यंत माझा फोन थांबेना. पहिला फोन मावशीचा, "पोरगी बाद झाली का रं? बाकीच्यास्नी हार हाय की." मग शाळेतल्या बाईंचा, तोच प्रश्न. कुणी म्हणालं आजारी पडली असेल, कुणी म्हणालं आवाज गेला. घसा बसल्याचं मी कुणालाही सांगितलं नव्हतं, तरी बातमी बरोबर गळ्यापाशीच कशी पोचली, देव जाणे. देव मानत नाही मी, पण असल्या वेळी तोच शब्द तोंडात येतो.

संध्याकाळी आमच्या पेठेतला भिमा आला, मागं मंडळाची पोरं. भिमा भला माणूस, पण डोक्यात राख घालून घ्यायला त्याला निमित्त लागत नाही.

"जय भीम, दादा. निषेधाचा फ्लेक्स पायजे. मोठा."

"कशाचा निषेध?"

"बगितलं न्हाईस? वीस देशांच्या पोरांना हार आन आपल्या पोरीचा गळा रिकामा. आपलीच का बरं दिसली त्यांना? जानूनबुजून केलंय. लिही, सोलापूरच्या कन्येचा अपमान करनाऱ्या प्रवृत्तीचा जाहीर निषेध."

तो चुकीचं बोलत नव्हता. आमच्या माणसाचा गळा रिकामा ठेवून पुढं सरकलेले हार आम्ही सगळ्यांनी बघितले आहेत. फक्त या वेळी ती प्रवृत्ती म्हणजे मी होतो, आणि निषेधाची छपाईही माझ्याकडेच आली होती.

सवयीनं मी विचारलं, "खाली शुभेच्छुक टाकायचे का?"

"निषेधाला शुभेच्छुक?"

"बरं, ऱ्हाऊ दे. भिमा, हार मी काढलाय."

मग सगळं सांगितलं. फोटोला हार, वडिलांचा फोटो, आई, पुणे. भिमा खुर्चीत बसला. पोरं एकमेकांकडे बघायला लागली. एक जण म्हणाला, दादाचं बरोबर हाय. दुसरा म्हणाला, कसलं बरोबर, सख्ख्या भावानं हार काढला. भिमा बराच वेळ कपाळ चोळत होता.

"म्हंजी निषेध करायचा का न्हाय?" त्यानं विचारलं.

तेवढ्यात सिद्धलिंगचा फोन आला. "लवकर या री. तुमच्या आई हितं चौकात उभारल्यात. फ्लेक्सकडं बघत."

मी गाडी काढली. आई या चौकात सहसा यायची नाही. कुणीतरी घरी जाऊन सांगितलं असणार. मी पोचलो तर ती दुभाजकाच्या कडेला, डोक्यावर पदर, हातात भाजीची पिशवी, मान वर करून उभी. सिद्धलिंग शिडी धरून बाजूला, जणू शिडीच्याच अंगात काही चूक आहे अशा चेहऱ्यानं.

"आई, घरी चल."

"हिला हार का न्हाय?" तिनं मान न वळवता विचारलं.

"मी काढला."

"का?"

"फोटोला हार म्हणजे... तुला बघवला नसता. बाबांचा फोटो आठवला असता. तू पुण्याला आली नसतीस."

ती माझ्याकडे वळली. रागावली असती तर बरं झालं असतं. तिचा आवाज अगदी रोजचा होता.

"तुजा बाप किती वर्षं गात हुता, सांग."

"लई वर्षं."

"स्टेजवर कुटं असायचा?"

"मागं. कोरसला."

"हार कुनाला पडायचे? पावन्यांना. म्होरच्या गायकाला. मागच्यांना कपभर च्या. मी पोरं काखंत घिऊन समूर बसायची, वाटायचं, आज घालतील. कदी घातला न्हाय." तिनं पदर सारखा केला. "पयला हार त्याच्या फोटूला पडला, रत्नदीप. तो बी तूच आनलास. मला गानं नको झालं त्ये त्यासाटी. तू काय समजलास, मरनाला भ्याले व्हय मी?"

दोन वर्षं मी तिला दुःखी समजत होतो. ती रागावलेली होती. माझ्या आईचा राग मला ओळखू आला नव्हता.

"हिला जित्तेपनी मिळत हुता," ती म्हणाली. "त्यो तू काढलास."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. चौकात, सिग्नलला थांबलेल्या लोकांसमोर. मी म्हटलं, आई, आत्ता नवीन छापतो, हारासकट. ती म्हणाली, छाप नायतर ऱ्हाऊ दे. आणि चालत कोपऱ्यावरच्या हारवाल्या निंगव्वाकडे गेली. झेंडूचा हार घेतला, चांगला भरगच्च. मी सिद्धलिंगला खूण केली, त्यानं शिडी फ्लेक्सला लावली.

"शिडी कशाला?" आई म्हणाली.

"हार चढवायचा न्हवं?"

"फोटूला कशाला? फोटू गातोय व्हय?"

सिद्धलिंग वर चढलेल्या दोन पायऱ्या खाली उतरला. "तुमच्या आईंचं मला कळंना झालंय," तो माझ्या कानात म्हणाला. मी म्हटलं, रांगेत उभा राहा, माझा नंबर आधी लागलाय.

दुसऱ्या दिवशी रात्री स्पर्धा होती, सकाळीच आम्ही एसटीनं पुण्याला निघालो. हार ओल्या फडक्यात गुंडाळून वडिलांच्या जेवणाच्या डब्यात ठेवलेला, जो ते चिंचोळीला न्यायचे. डबा आईच्या मांडीवर. टेंभुर्णीच्या पुढं तिनं झाकण उघडून पाणी शिंपडलं. फुलं जरा मलूल झाली होती. एव्हाना मी काहीही बोललो तरी चूकच ठरत होतं.

सभागृहाच्या मागच्या दारावर डबा उघडायला लावला. पहारेकरी हाराकडे बघून म्हणाला, "देवाला?" आई म्हणाली, "पोरीला." त्याला समजलं नसावं, पण त्यानं सोडलं. आत एकवीस देशांची माणसं आपापल्या पोशाखांत फिरत होती आणि प्रत्येकाच्या ओळखपत्रावरच्या फोटोला छापील हार होता. संघप्रिया आईला बघून जागीच थांबली. चेहऱ्याला रंग लावलेला, म्हणून तिनं रडू दाबलं असावं.

"वाक," आई म्हणाली. पोरगी उंचीनं बापावर गेली आहे. ती वाकली, आईनं हार घातला, आणि मग कितीतरी वेळ तो नीट करत बसली, जो आधीच नीट होता.

रेश्मा धावत आली. "सॉरी, पोशाख मंजूर झालेला आहे, त्यात हार नाहीये." मग तिनं आईकडे बघितलं, हाराकडे बघितलं, भिंतीवरच्या स्वतःच्या चित्राकडे बघितलं. "म्हणजे आहे," ती म्हणाली. "पण फोटोला आहे." ती स्वतःच गोंधळली. मला पहिल्यांदा तिची कीव आली. "असू दे," ती शेवटी म्हणाली.

आम्ही पहिल्या रांगेत बसलो. दिवे गेले, पडद्यावर भारताचं नाव आलं आणि मग संघप्रियाचा फोटो, दोन मजली घराएवढा, मागं उजेड, अंडाकृती चौकट आणि तिच्यावर तो झेंडूचा हार. हे मी विसरलोच होतो. सोलापुरातला हार मी काढला होता, इथला कोण काढणार? मी आईचा हात धरला. तिनं हात सोडवून घेतला आणि फोटोकडे बघत राहिली, चौकातल्यासारखीच, मान वर करून.

मग त्या फोटोच्या खालून, तेवढ्याशा दारातून, आमची पोरगी बाहेर आली. गळ्यात कोमेजलेला हार. मागं कोरस नव्हता, तबल्यावर एक माणूस आणि पेटीवर एक. तिनं सूर लावला आणि मला चाल ओळखू आली. शब्द तिचे होते, चाल वडिलांची. कारखान्यातून आल्यावर पाय धुताना गुणगुणायचे ती. स्टेजवर कधीच गायले नव्हते, त्यांना कुणी विचारलंच नव्हतं.

खिडकी तर नव्हती तिथं, पण आई उठून जाईल असं वाटलं. मी वाकून बघितलं. तिचा डावा हात मांडीवरच्या रिकाम्या डब्यावर होता आणि बोटं ठेका धरत होती.

"आई," मी हळूच विचारलं, "मग फोटोला हार म्हणजे चांगलं का वाईट?"

"गप," ती म्हणाली. "ऐकू दे."